‘अनिर्वचनीय’ कशाला म्हणावे?

प्रश्न : मी शाळेत मराठी शिकवते. धम्मचक्र प्रवर्तन दिनावरच्या निबंधात एका विद्यार्थिनीने ‘दीक्षाभूमीवर अनिर्वचनीय गर्दी होती’ असे लिहिले आहे. हा प्रयोग चूक ठरवावा काय? ‘अवर्णनीय’ आणि ‘अनिर्वचनीय’ यांत खरोखर भेद आहे का?
— एक शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : भेद आहे, आणि तो जपला पाहिजे असे मला आग्रहाने वाटते. ‘निर्वचन’ म्हणजे नुसते बोलणे नव्हे, तर फोड करून अर्थ निश्चित सांगणे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, शब्दांची निर्वचने येतात ती याच अर्थाने. म्हणून जे ‘अमुकच आहे’ असे ठरवून सांगता येत नाही, ते अनिर्वचनीय. अद्वैत वेदान्ताने हा शब्द फार काटेकोरपणे वापरला. अंधारात दोरीवर दिसणारा साप खरा म्हणावा, तर उजेड येताच तो नाहीसा होतो, आणि मुळीच नव्हता म्हणावे, तर त्याला पाहून माणूस दचकलेला असतो. सत् आणि असत् या दोन्ही कोटींत न बसणारे असे जे काही, ते अनिर्वचनीय, आणि मायाही तशीच. भक्तिमार्गाने मात्र हा शब्द प्रेमाला लावला. नारदभक्तिसूत्रांतील ५१वे सूत्र ‘अनिर्वचनीयं प्रेमस्वरूपम्’ असे आहे आणि लगेच ५२व्या सूत्रात ‘मूकास्वादनवत्’, म्हणजे मुक्याने घेतलेल्या आस्वादासारखे, असा दृष्टान्त येतो. त्याला चव पुरती कळलेली असते. अडते ते सांगणे. आज आपण ‘अनिर्वचनीय आनंद’ म्हणतो, तो अर्थ या दुसऱ्या वाटेच्या जवळचा आहे.

‘अवर्णनीय’ या शब्दात वर्णन अपुरे पडते ते विपुलतेमुळे किंवा तीव्रतेमुळे, म्हणून पूरग्रस्तांचे हालही अवर्णनीय असतात. ‘अवाच्य’ हा शब्द जवळचा वाटला, तरी मराठीत तो ‘उच्चारू नये असे’ या अर्थाने रुळला आहे. ‘अवाच्य शिवीगाळ’ सर्वांच्या परिचयाची आहे.

गर्दी कोठून कोठवर होती, लोक कोणकोणत्या गावांहून आले होते, हे सांगता येते. तेव्हा तेथे ‘अफाट’ हा साधा शब्द सर्वांत चांगला, आणि ‘अवर्णनीय’ही चालेल. स्तूपासमोर उभे राहिल्यावर मनात जे दाटून आले, त्याला मात्र ‘अनिर्वचनीय’ म्हणणे योग्य झाले असते. म्हणून केवळ लाल रेघ न ओढता, तो शब्द योग्य जागी येईल असे आणखी एक वाक्य तिच्याकडून लिहून घ्यावे. ते तपासताना ‘नी’ दीर्घ आहे ना, हेही पाहावे. प्रत्यय ‘अनीय’ असल्याने ‘अनिर्वचनिय’ हे लेखन अशुद्ध ठरते.