'जाते' नाही, 'येते' म्हण

श्टुटगार्ट, रविवार

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू कुरकुरलीस, "खाली खेळायला जाते म्हटलं की आजी दारातच अडवते. 'जाते' नाही, 'येते' म्हण. पण मी तर जातेय ना!" मी तेव्हा बसमध्ये होते, हसून वेळ मारून नेली. आज इथे दुकानंसुद्धा बंद, म्हणून निवांत लिहिते. अक्षर लागलं नाही तर आजीकडून वाचून घे.

आपल्याकडे काही शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. बांगडी फुटली तरी ती 'वाढली', नारळ फोडला तरी 'वाढवला'. रात्री वाणी दुकान बंद करत नाही, 'वाढवतो'. 'जाते'चंही तसंच. माणूस 'गेला' म्हणजे काय, हे तू आजोबांच्या वेळी ऐकलंयस. म्हणून उंबऱ्यातच परत येण्याचं बोलून ठेवायचं. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे?' विचारायचं नाही, हेही त्यातलंच. मी लहानपणी हटकून विचारायची आणि धपाटा खायची.

तुला हे खोटं वाटणार, कारण तुझ्या इथल्या शाळेतले जर्मन शब्द भारी काटेकोर. समोरासमोर 'आउफ वीडरझेन', म्हणजे पुन्हा दिसेपर्यंत. फोनवर माणूस दिसत नाही, म्हणून तिथे 'आउफ वीडरह्योरेन', पुन्हा ऐकू येईपर्यंत! पण बघ, ते 'पुन्हा' त्यांनाही सोडवत नाही.

माझा घोळ वेगळाच आहे. पुण्याहून निघताना तळहातावरचं दही चाटून आजीला 'येते' म्हणते, तेव्हा मी येत असते की जात असते? इथे पहिल्या वर्षी आपल्या दाराला 'केअरवोख'ची पाटी लागली, म्हणजे आठवडाभर जिना झाडायची पाळी आपली. बादली घेऊन पायरीवर बसले आणि चक्क रडले. गेल्या दिवाळीत मात्र आजीच्या सोसायटीतल्या जिन्यात पानाची पिचकारी दिसली आणि मीच तणतणले. आजी एवढंच म्हणाली, "झालीस हो तिकडची." (आई, तूच हे वाचत असशील तर वाच, मला ते लागलं होतं.) आणि इथे? आठ वर्षं झाली, तरी माझ्या इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर मुदतीची तारीख असते, आणि बेकरीत जर्मनमध्ये पाव मागितला की उत्तर इंग्रजीत येतं. पाव मात्र छान असतो, खोटं कशाला बोलू.

तुला नि बाबाला विमानतळावर सोडायला निघालो त्या सकाळची गंमत सांगते. तू बॅग घेऊन केव्हाच खाली उतरली होतीस. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई जिन्यात उभ्या होत्या. घाईत माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "येते हं!"

त्या हात हलवत म्हणाल्या, "आडे, आडे!" हा इथल्या लोकांचा निरोपाचा जुना शब्द, मूळचा फ्रेंच, 'देवाच्या हवाली' अशा अर्थाचा. त्यांना माझं 'येते' 'आडे'च ऐकू आलं असणार. मी काही ते दुरुस्त केलं नाही.

आजीला नमस्कार सांग.

तुझी,
आई