ग्रेड चांगले आहेत म्हणून ५०४ नाकारता येत नाही

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी नववीत. डॉक्टरांनी अँग्झायटीचं निदान केलंय, थेरपी सुरू आहे. सोमवारी सकाळी पोटात दुखतं, प्रेझेंटेशन असलं की ती बाथरूममध्ये जाऊन बसते आणि तास संपेपर्यंत बाहेर येत नाही. शाळेतल्या अडचणींसाठी सवलती देणारा लेखी प्लॅन, म्हणजे ५०४, आईने मागितला तर काउन्सेलर म्हणाल्या, "ग्रेड उत्तम आहेत, ५०४ बसणार नाही." घरी नवरा म्हणतो, रेकॉर्डवर काही नको, कॉलेजला नडेल. शिवाय आपण व्हिसावर.

ताई, काउन्सेलरचं म्हणणं तिथेच सोडून देऊ नका. ५०४ प्लॅन ज्या कायद्यातून येतो तो १९७३ चा, आणि २००८ च्या दुरुस्तीने त्यातली अपंगत्वाची व्याख्या बरीच रुंद झाली. एकाग्र होणं, विचार करणं, झोपणं, इतरांशी बोलणं यांत मोठी अडचण येत असेल तर तीही त्यात धरली जाते. आजार अधूनमधून उसळणारा असला तरी चालतो. औषधाने किंवा थेरपीने बरं वाटतंय, म्हणून ती अडचण नाहीच असं शाळेला म्हणता येत नाही. निव्वळ ग्रेडकडे बघून नकार देणंही बरोबर नाही. तुमची मुलगी रात्री एक वाजेपर्यंत जागून, रडून तो ए मिळवत असेल, तर तो ए कसा आला हे शाळेला कळायलाच हवं.

आता तोंडी बोलणं पुरे. ई-मेल लिहा: प्रिन्सिपलना, स्कूल डिस्ट्रिक्टच्या ५०४ कोऑर्डिनेटरना आणि चाइल्ड स्टडी टीमला, म्हणजे विशेष शिक्षणासाठी मुलांचं मूल्यमापन करणाऱ्या शाळेच्या तज्ज्ञांच्या गटाला. एकाच पत्रात ५०४ आणि विशेष शिक्षणासाठीचं मूल्यमापन, दोन्ही मागा. न्यू जर्सीत असं लेखी पत्र मिळाल्यापासून साधारण २० दिवसांत, शाळेच्या सुट्ट्या वगळून, चाइल्ड स्टडी टीमला तुमच्यासोबत बैठक घ्यावी लागते. उन्हाळ्याची सुट्टी मात्र त्यात वगळली जात नाही. हॉलवेमध्ये उभ्याउभ्या झालेल्या बोलण्यावरून कुठलीच मुदत सुरू होत नाही. शाळा नाही म्हणाली, तर कारणासकट लेखी द्या म्हणावं.

पत्रात 'तिला खूप टेन्शन येतं' एवढंच लिहू नका. तारीख, तास, काय झालं, असं लिहा. आणि शाळेच्या नर्सकडची नोंदवही मागून घ्या. पोटदुखी म्हणून ती कितीदा तिथे गेली, कोणत्या तासाला गेली, सगळं तिथे लिहिलेलं असतं. शाळेकडच्या नोंदी बघायचा पालकांना हक्क आहे आणि मागितल्यापासून ४५ दिवसांच्या आत त्या दाखवाव्या लागतात. गणिताच्या तासाला ती कधीच नर्सकडे जात नाही आणि इंग्रजीच्या तासाला सारखी जाते, असं दिसलं तर निम्मं काम तिथेच झालं. डॉक्टरांच्या चिठ्ठीतही नुसतं निदान नको. त्या आजारामुळे शाळेत काय जमत नाही आणि काय केलं तर जमेल, हे यायला हवं.

मागायचं काय, हे मुलीलाच विचारा. प्रेझेंटेशन एकट्या शिक्षकांसमोर, परीक्षा वेगळ्या शांत खोलीत, न विचारता वर्गाबाहेर जायचा पास, घाबरल्यावर जायला एक ठरलेली व्यक्ती, आजारपणानंतर गृहपाठाला मुदत. 'गरजेनुसार ब्रेक' असं मोघम लिहून घेऊ नका. कोण देणार, कुठे, किती वेळ, हे त्यात असू दे. बैठकीला दोघंही जा. आपल्याकडे बाई म्हणतील ते ऐकायची सवय असते, म्हणून सांगते: तिथल्या तिथे सही करायची सक्ती नसते, कागद घरी आणून वाचा.

यजमानांची भीती मला कळते, पण कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर मुलीला ५०४ आहे असं शाळेने लिहायचं नसतं. घरी येणाऱ्या रिपोर्ट कार्डचं वेगळं, तिथे तसा उल्लेख असू शकतो. तिला शिकवणाऱ्या शिक्षकांना मात्र प्लॅन माहीत असावाच लागतो, नाहीतर तो पाळणार कोण? व्हिसाचा इथे काही संबंध नाही. हा हक्क शाळेत शिकणाऱ्या मुलाचा आहे.

अडलंच तर न्यू जर्सीत स्पॅन ही पालकांना मदत करणारी संस्था आहे, आणि अशी केंद्रं प्रत्येक राज्यात आहेत. तरीही शाळा दाद देत नसेल, तर अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करता येते, पण घटनेपासून १८० दिवसांच्या आत.

मुलगी जगायलाच नको असं काही बोलली, तर मात्र बैठकीची वाट बघू नका. ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा मेसेज पाठवा, तो दिवसरात्र चालू असतो, आणि तिला एकटं ठेवू नका.

आणि एक: शाळेत ५०४ मिळालं म्हणजे एसएटीला, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेला, आपोआप जादा वेळ मिळत नाही. ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे वेगळी मंजुरी घ्यावी लागते आणि त्याला सात आठवडेही लागू शकतात. दहावी सुरू झाली की काउन्सेलरना त्याबद्दल विचारून ठेवा.