शनिवारवाडा : वाडा, महाल की राजवाडा?

प्रश्न असा आला आहे : ‘शनिवारवाड्याला महाल किंवा राजवाडा म्हटलं तर चूक का? वाडा म्हणजे नुसतं मोठं घरच ना?’

घर नंतरचं, आधी कुंपण. संस्कृत ‘वाट’ म्हणजे वेढलेली जागा. वाड, वाडी, वाडा हे सगळे त्याच घरातले. म्हणून गुरांचाही वाडा असतो आणि गोव्यात गावाच्या एका भागाला ‘वाडो’ म्हणतात. शनिवारवाड्याची आज उभी असलेली तटबंदी, बुरूज आणि पाच दरवाजे हा त्या शब्दाचा मूळ अर्थच म्हणायचा. आतली लाकूडकामाची इमारत २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत गेली, दगडी जोती राहिली. वाडा मात्र वाडाच राहिला.

‘महाल’ अरबीतून आला. तिथे तो उतरण्याचं ठिकाण, जागा. मराठीत त्याला दोन वाटा फुटल्या. एक कारभाराची : ‘बारा महाल, अठरा कारखाने’ यातला महाल म्हणजे खातं, तर पंचमहालातला म्हणजे मुलखाचा भाग. दुसरी वास्तूची, आणि इथेच गोंधळ होतो. पेशवाईत महाल हा बहुधा वाड्याच्या आतला एखादा सजवलेला दालनवजा भाग असे : आरसेमहाल, गणपती रंगमहाल. म्हणजे वाड्यात महाल असतो. अख्ख्या वास्तूला ‘शनिवार महाल’ म्हणणं म्हणजे दिवाणखान्याचं नाव घराला देणं. (‘महल’ हा उच्चार हिंदीचा, मराठीत ताजमहालसुद्धा ‘महाल’च.)

‘राजवाडा’ हा मानाचा प्रश्न आहे. पेशवे प्रधान, राजा साताऱ्यात. साताऱ्याचा आणि कोल्हापूरचा तो राजवाडा. पुण्यात शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, नाशकात सरकारवाडा. इंदूरच्या होळकरांचा मात्र राजवाडाच म्हणतात, तेव्हा नियम पोलादी नाही. तरीही १० जानेवारी १७३० ला पायाभरणी आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झालेल्या, म्हणजे दोन्ही वेळा शनिवारच साधलेल्या या वास्तूला राजवाडा म्हणू नये, असं माझं मत.

जाता जाता दोन शब्द, जे हमखास चुकतात. ‘चौसोपी’ म्हणजे चार मजली नव्हे. चौकाच्या चारही बाजूंना सोपे, म्हणजे ओसऱ्या, तो चौसोपी वाडा. वाडा मोजायचा तो चौकांवर आणि खणांवर; दोन खांबांमधला गाळा तो खण. आणि ‘दिंडी’ म्हणजे थोरल्या दरवाजाच्या फळीतलं छोटं दार. दिल्ली दरवाजासारखा अवजड, खिळे ठोकलेला दरवाजा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी कोण उघडत बसणार? माणसं दिंडीतून वाकून आत यायची, आणि वाकलेला माणूस हल्ला करायला सोयीचा नसतो.

लिहिताना ‘शनिवारवाडा’ एकत्र, आणि सामान्यरूप ‘शनिवारवाड्यात’. ‘शनिवारवाडामध्ये’ नको.