पावतीवर गाडी चालवायची का?

प्रश्न : वकीलताई, आमचे मिस्टर टुरिस्ट गाडी चालवतात. गाडी मालकाची आहे. मागच्या महिन्यात चुलत दिरांच्या हळदीला त्यांनी दोन पेग घेतले आणि स्वतःच्या मोटारसायकलवरून घरी निघाले. नाकाबंदीत फुंकायला लावलं, मशीनवर ६४ आकडा आला. सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त काढलं, लायसन्स ठेवून घेतलं, पावती दिली आणि सह्या घेऊन पहाटे सोडलं. आता ती पावती खिशात ठेवून ते रोज भाडी मारतात. कोर्टाबाहेरचा एक एजंट म्हणतो, 'गुन्हा कबूल करा, दहा हजार भरा, विषय संपला.' पैशांची सोय मी भिशीतून केली आहे. भरू का? त्या दिवसांत ते खोकल्याचं औषधही घेत होते, ते सांगितलं तर फायदा होईल का? – एक भगिनी, पनवेल

उत्तर : ताई, दहा हजारांचं नंतर बघू. आज मिस्टर घरी आले की आधी त्यांना गाडी थांबवायला सांगा. इतर काही कारणांनी लायसन्स जप्त झालं तर मिळणाऱ्या पावतीवर गाडी चालवता येते, त्यामुळे सगळ्याच पावत्या सारख्या असा ड्रायव्हर मंडळींत पक्का समज आहे. पण २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्ये भर पडली. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल लायसन्स घेतलं असेल, तर लायसन्स परत मिळेपर्यंत ती पावती गाडी चालवायचा परवाना ठरत नाही. मिस्टर रोज प्रवासी घेऊन जातात. उद्या साधी धडक झाली तरी विमा कंपनी पहिला प्रश्न लायसन्सचा विचारेल आणि त्यात मालकही ओढला जाईल. मालकाला हे सगळं माहीत आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, तर त्याच्या कानावर घाला. रोजी बुडेल हे मला कळतं, तरीही.

आता तो एजंट. कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, हे तो बरोबर सांगतोय. सिग्नल तोडल्याच्या चलनासारखा हा दंड मोबाईलवरून भरून मिटत नाही, दंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहावंच लागतं, हेही खरं. पुढचं मात्र तो गिळतोय. गुन्हा शाबीत झाला, मग तो तुमच्या कबुलीने का होईना, की कलम २० प्रमाणे न्यायालयाने किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचं असतं. शिवाय ही नोंद कायमची. पुन्हा कधी सापडले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. पूर्वी तीन वर्षांच्या आत दुसरा गुन्हा झाला तरच ही वाढीव शिक्षा लागायची. २०१९ मध्ये ती अट काढून टाकली. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे त्याला दहा हजार हा या केसचा सगळ्यात स्वस्त भाग आहे.

म्हणजे लढायचंच का? तेही कागद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. ६४ म्हणजे दुपटीच्या वर, तेव्हा फार आशा लावून बसू नका. पण पोलिसांनी कोर्टात दिलेल्या कागदांची प्रत आरोपीला फुकट मिळते, ती मागून घ्या. मशीनच्या चिठ्ठीवरची वेळ, अटक दाखवली असेल तर तिची वेळ आणि डॉक्टरांच्या तपासणीची वेळ, या तिन्ही एका कागदावर उतरवून काढा. रक्ताची बाटली सीलबंद झाली का, नमुना प्रयोगशाळेत कधी पोचला, आकडा काय आला, तेही बघा. २०२४ च्या कल्याणीनगर पोर्शे प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, तेव्हापासून या बाटलीच्या प्रवासाकडे सगळेच जास्त बारकाईने बघतात. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर आरोपीला कोठडीतून सोडावं लागतं, असं कलम २०२ सांगतं. कोठडीतून, केसमधून नव्हे. या दोन तासांवर केस आपोआप पडते असं सांगणारे एजंटही तुम्हाला भेटतील.

खोकल्याच्या औषधाचं म्हणाल तर ते विसरा. दोन पेग घेतल्याचं तुम्हीच लिहिलंय, आणि ही कथा दंडाधिकारी आठवड्यातून चारदा ऐकतात.

आरटीओकडूनही वेगळी नोटीस येईल. ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. लायसन्स निलंबित करण्यापूर्वी त्यांनी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. आदेश विरुद्ध गेला तर तो हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. घर याच कमाईवर चालतं, पहिलीच वेळ आहे, अपघात नाही, हे तिथे लेखी द्या. वकिलाची फी झेपत नसेल तर कोर्टाच्याच आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर वकील मोफत मिळतो. भिशीचे पैसे तोवर हलवू नका.

प्रश्न : मी नर्स आहे. रात्रपाळी संपवून स्कूटरवरून येताना पोलिसांनी फुंकायला सांगितलं तर नकार देता येतो का? मी दारू पीत नाही, पण त्या नळीची किळस येते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : नळी नवी, पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली मागा, यात उद्धटपणा काही नाही. नकार मात्र देऊ नका. संशयाला कारण असताना नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि विनाकारण दिलेला नकार कलम २०५ नुसार पुढे तुमच्याच विरुद्ध वापरता येतो. 'स्वतःविरुद्ध पुरावा देण्याची सक्ती नाही' हे घटनेतलं कलम इथे कामाला येत नाही. शरीराचे नमुने त्यात मोडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगून ठेवलंय. तुम्ही प्यायलेल्या नाही, तेव्हा ते मशीन तुमच्या बाजूचं साक्षीदार आहे. ड्युटी संपताना माउथवॉशने चूळ भरली असेल तर तसं सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकू द्या म्हणून विनंती करा. तोंडातला अंश तेवढ्यात उतरतो, आणि कायद्यातही एकापेक्षा जास्त वेळा चाचणीची सोय आहे. रक्त द्यायची वेळ आलीच आणि डॉक्टर पुरुष असले, तर तिथे दुसरी बाई हजर असलीच पाहिजे. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. घरी फोन करू द्या म्हणायचा हक्क तर अटक झालेल्या प्रत्येकालाच आहे, तो आधी वापरा.