आईसाठी घरगुती वृद्धनिवास निवडताना

प्रश्न : माझ्या ८१ वर्षांच्या आईला स्मृतिभ्रंश आहे. पुण्यातील एक दांपत्य स्वतःच्या बंगल्यात दहा वृद्धांना सांभाळते. तिला तेथे ठेवण्यापूर्वी काय पाहावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मालक तेथेच राहत असल्याने अशा घरात रोज तेच चेहरे दिसतात, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला त्याचा फार मोठा आधार वाटतो; मात्र सारा भार त्या दोघांवरच असेल, तर त्यांपैकी कोणी आजारी पडल्यास काय व्यवस्था आहे, हे स्पष्ट विचारावे. रात्रभर जागे राहणारे माणूस आहे का, हा माझ्या मते पहिला प्रश्न, कारण पुष्कळ रुग्णांची अस्वस्थता संध्याकाळनंतर वाढते आणि पडण्याचा किंवा नकळत बाहेर निघून जाण्याचा धोका असतो. एकदा न कळवता, सायंकाळी सातच्या सुमारास जाऊन या. अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटी, औषधांचा व डायपरचा खर्च आणि रुग्णालयात कोणी न्यायचे, हे करारात लिहून घ्यावे.

सांभाळाच्या बदल्यात घर नावावर मागितले गेल्यास कृपया थांबा. सांभाळाची अट घालून दिलेली मिळकत, अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूद २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. परंतु आईला दस्ताचा अर्थ उमजत नसेल, तर तिची सही मुळीच घेऊ नये.