चेक-इनची ॲप वापरणं धोक्याचं आहे का? आपण कुठं आहोत हे चोरांना कळत नाही का?

चोरांचं नंतर बघू. मला दगा दिला तो सख्ख्या मेव्हण्यानं.

२०१२ सालची गोष्ट. फोरस्क्वेअर या चेक-इनच्या, म्हणजे आपण कुठं आहोत ते टाकायच्या, ॲपवर कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचा मेयर मी होतो. ज्याचे चेक-इनचे दिवस जास्त तो त्या ठिकाणाचा मेयर, त्याला ॲपात मुकुट. कामावरनं सुटलं की एक ग्लास धारोष्ण दूध, एक चेक-इन आणि मग घर, हा नेम. मेव्हणा राजारामपुरीतला. तो शनिवारी-रविवारी पोरं घेऊन यायचा, आल्यावर एक आणि निघताना एक चेक-इन मारायचा आणि मुकुट मिळेना की माझ्यावर घसरायचा, "दाजी, तुम्ही घरात बसून करताय." मग ईर्षेनं रोज यायला लागला.

अशात इचलकरंजीला त्यांच्या चुलत बहिणीचा साखरपुडा निघाला. तो तिकडं अडकणार, म्हणजे माझा एक दिवस वाढणार. बायकोला सांगितलं, शिरोलीत मशीन बंद पडलंय, तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं. सव्वासातला कट्ट्यावर उभा. एका हातात फेसानं काठोकाठ ग्लास, दुसरा हात रेंजसाठी वर, म्हशीचं शेपूट मधनंच पाठीवर. झालं एकदाचं चेक-इन.

फेसबुक त्याला जोडलेलं होतं, हे ध्यानातच नव्हतं. तिकडं हॉलमध्ये मेव्हण्यानं फोन सरळ बहिणीच्या हातात दिला. पाच मिनिटांत तिचा फोन, "मशीन चालू झालं का?" ओठावरचा फेससुद्धा पुसला नव्हता मी.

तर धोका आहे. २०१० साली 'प्लीज रॉब मी' नावाच्या साइटनं नेमकं हेच दाखवलं होतं: लोक उघड चेक-इन टाकतात, म्हणजे घर रिकामं आहे हे स्वतःच सांगतात. तिथनं निघाल्यावर टाका, राहतं घर ठिकाण म्हणून नोंदवू नका आणि फेसबुक जोडलेलं असेल तर आधी तोडा. २०१४ पासनं चेक-इनचं काम स्वार्म या वेगळ्या ॲपकडं गेलंय, त्यात कुणाला न दाखवताही नोंद करता येते. फोरस्क्वेअरचं ठिकाणं शोधायचं सिटी गाइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. कोणत्या तारखेला कुठं होतो हे स्वतःपुरतं ठेवायला मला तरी अजून आवडतं. एकट्यादुकट्या पोरीबाळींनी मात्र उघड टाकूच नये, हे आधीच लिहायला पाहिजे होतं.

आणि घरात बसून मेयर होता येत नव्हतं. २०१० पासनंच जीपीएस लांबचं दाखवत असेल तर नोंद व्हायची, पण मेयरपदाला धरत नव्हते. मोजायचे ते गेल्या ६० दिवसांतले दिवस, एका दिवशी कितीही वेळा केलं तरी एकच. माझे ४३ होते. मेव्हणा हे वाचणार आहे, त्यानं आपले मोजून खाली लिहावेत.