बहिरी ससाण्याला ऐकू येतं

प्रश्न असा आहे: घार, शिक्रा, ससाणा, बाज, गरुड ही एकाच पक्ष्याची नावं आहेत की वेगवेगळ्या, आणि 'बहिरा ससाणा' खरोखर बहिरा असतो का?

दुसऱ्या प्रश्नातच घोटाळा आहे. पक्ष्याचं नाव 'बहिरा ससाणा' नाही, 'बहिरी ससाणा' आहे. हल्ली 'बहिऱ्या ससाण्याची झडप' असा मथळा असतो आणि खाली फोटो घारीचा. एका चौकटीत दोन चुका. तिसरीला जागा उरत नाही म्हणून बरं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: वेगवेगळे पक्षी, आणि ओळखायला फार कठीणही नाहीत. रंगावर विसंबू नका, एवढं पथ्य पाळा. उन्हाविरुद्ध पाहिलं तर सगळेच काळे दिसतात. पंखांची टोकं, शेपूट आणि उडण्याची ढब पाहा.

कचराडेपोवर, मासळी बाजारावर संथ घिरट्या घालते ती घार. मनगटाशी वाकलेले लांब पंख आणि शेपटीला उथळ खाच. शेपूट पूर्ण पसरली की खाच नाहीशी होते आणि नवखे इथेच फसतात. अशा वेळी शेपटीची हालचाल बघावी. घार ती सुकाणूसारखी सतत डावी-उजवीकडे पिळत असते. कोकणात आणखी एक चकवा आहे. ब्राह्मणी घारीचं पांढरं डोकं आणि तांबूस अंग मोठेपणी येतं, लहानपणी तीही मातकट तपकिरी असते. तिची शेपूट मात्र गोलसर, खाच कधीच नाही.

शिक्रा कबुतराएवढा किंवा थोडा लहान. पंख आखूड आणि गोल टोकांचे, शेपूट लांब. चार-पाच भराभर फडफडी, मग जरा तरंगणं, पुन्हा फडफड. गळ्यावर मधोमध एक बारीक करडी रेघ असते. ती ठळक आणि जाड दिसली तर त्याचा भाऊबंद बेसरा असण्याचा संशय घ्यावा. चिमणमारही याच घडणीचा, पण पसरलेल्या पंखाच्या टोकाला पिसांची सुटी बोटं मोजता आली तर शिक्र्याला पाच, चिमणमाराला सहा. मोजायला चांगला फोटो लागतो, दुर्बीण पुरत नाही. आणि पावसाच्या तोंडावर आंब्यावर बसलेला 'शिक्रा' पुष्कळदा पावशा निघतो. तो कोकीळकुळातला, सोंग मात्र शिक्र्याचं हुबेहूब. सातभाईसुद्धा त्याला पाहून कालवा करतात. चोच पाहिली की सोंग उघडं पडतं. शिक्र्याची आकड्यासारखी, पावशाची जवळजवळ सरळ.

ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार, उडणं जोरकस. डोळ्याखाली मिशीसारखा काळा पट्टा. बहिरी ससाण्याची मिशी जाड, डोक्यावर काळं टोपडं. लग्गड हा दुसरा ससाणा, त्याची मिशी बारीक आणि डोकं तांबूस. ससाण्यांच्या वरच्या चोचीला एक दातरी खाच असते. शिक्रा नखांनी मारतो, ससाणा पंजात धरून चोचीने मान मोडतो, त्यासाठी ती खाच. शिवाय २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर हे मान्य झालं आहे की ससाण्याचं नातं घारीपेक्षा पोपटाशी जवळचं आहे. तेव्हा 'घार काय, ससाणा काय, एकच' असं म्हणणाऱ्याने आधी पोपटाची परवानगी घ्यावी.

हवेत एकाच जागी फडफडत थांबणारे दोन सहज दिसतात: पांढरी, काळ्या खांद्यांची कापशी आणि विटकरी पाठीची खरूची. खरूचीची शेपूट लांब आणि तिच्या टोकाला काळा पट्टा. बस.

आता डोळे. उत्तरेकडच्या बाजदारांनी, म्हणजे शिकारीसाठी असे पक्षी पाळणाऱ्यांनी, सगळ्या शिकारी पक्ष्यांचे दोनच गट केले होते: सियाहचश्म, म्हणजे काळ्या डोळ्यांचे, आणि गुलाबचश्म, म्हणजे पिवळ्या डोळ्यांचे. (आपला चष्मा याच 'चश्म'वरून आला.) ससाणे सगळे सियाहचश्म. शिक्रा, बाज हे गुलाबचश्म. शिक्र्याच्या प्रौढ नराचा डोळा तर लालच होतो. इतकी पक्की खूण दुसरी नाही. मराठीत मात्र माणसाच्या फिकट डोळ्यांना 'घारे' म्हणतात आणि तो शब्द घारीच्या डोळ्यांवरून आला असं बिनदिक्कत सांगितलं जातं. सांगणाऱ्याने घारीचा डोळा पाहिलेला नसतो. आपल्याकडच्या प्रौढ घारीचा डोळा गडद तपकिरी असतो. खरे 'घारे' डोळे पाहायचे तर माळरानावरच्या तिसा या शिकारी पक्ष्याचे पाहा, ते पांढुरके असतात.

आता मूळ मुद्दा, 'बहिरी'.

अरबीत 'बह्र' म्हणजे समुद्र. त्याला संबंध दाखवणारा ई लावला की 'बह्री': समुद्राचा, समुद्रावरचा. फारसी-उर्दूतून हा शब्द बाजदारांबरोबर आला आणि या ससाण्याचं नाव झाला. ते शोभतंही. बहिरी ससाण्याची एक उपजात उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रा प्रदेशात वीण करते आणि हिवाळ्यात आपल्याकडे उतरते. तेव्हा ती किनारे, खाड्या, मोठे तलाव धरून राहते, कारण तिचं खाणं तिथे असतं: बदकं, चिखले, सुरय. वरून पंख मिटून सूर मारते तेव्हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. सह्याद्रीच्या कड्यांवर बारमाही राहणारा, पोटाकडे तांबूस असलेला तो शाहीन. जात तीच, उपजात वेगळी, नाव फारसी. २०२१ साली 'गुलाब' चक्रीवादळ जमिनीवर विरून अरबी समुद्रात पुन्हा उभं राहिलं, त्याला 'शाहीन' हे कतारने सुचवलेलं नाव मिळालं. शेवटी ससाणा समुद्रावर पोचलाच.

'बह्र' मराठीत आणखी दोन वाटांनी आला आहे. नोकरीला जातो तो बहरीन: शब्दशः 'दोन समुद्र'. आणि गझल लिहिणारे वृत्ताला 'बहर' म्हणतात तो. अरबी छंदशास्त्रात वृत्ताला समुद्रच म्हणतात. डाळिंबवाल्यांचा मृग बहार, हस्त बहार यांचा मात्र इथे संबंध नाही. तो फारसी 'बहार', वसंत. या दोन बहरांची सरमिसळ गझलेवरच्या लेखांत सर्रास होते.

मग 'बह्री'चं 'बहिरी' कसं झालं? माझं मत असं, की मराठी जिभेला ह आणि र यांची जोडी नको असते. ती मध्ये एक स्वर घालते आणि तो शेजारून उचलते. 'मेहर'चं मेहेर झालं, 'मोहर'चं मोहोर. 'बह्री'त शेजारी ई होती, म्हणून बहिरी. कान न चालणारी बहिरी भाषेत आधीपासून होतीच, तिने या रूपाला हात दिला असेल. पण अर्थ तिच्याकडून आला नाही, आणि याचा पुरावा व्याकरणातच आहे. ससाणा पुल्लिंगी. तो कानांनी बहिरा असता तर आपण 'बहिरा ससाणा' म्हणालो असतो. 'बहिरी ससाणा' हे रूप टिकलं, कारण ही ई स्त्रीलिंगाची नव्हेच. ती गुलाबी फेटा, सरकारी वाडा यांतली न बदलणारी ई आहे. जे लोक लिंग 'सुधारून' बहिरा करतात ते व्याकरण सुधारत नाहीत, पक्ष्याचे कान कापतात.

दुसरा एक पक्ष हा शब्द भैरवाकडे नेतो: बहिरोबा, कोकणातला भैरी, म्हणून बहिरी. या समजाला एकोणिसाव्या शतकातल्या जर्डनसारख्या इंग्रज पक्षीअभ्यासकांच्या स्पेलिंगनेही बळ दिलं, कारण ते वाचताना 'भायरी' असं वाचलं जातं. इंग्रजी कानाने ऐकलेल्या हिंदुस्तानी शब्दावरून मराठी देव शोधणं ही व्युत्पत्ती नव्हे. भैरवाचं वाहन कुत्रा आहे, हेही लक्षात असू द्यावं.

जाता जाता 'ससाणा'. अमरकोशात श्येनाचं, म्हणजे ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याचं, एक नाव 'शशादन' आहे, ससे खाणारा. मधला द गळाला, न चा ण झाला: ससाअण, ससाणा. काहीजण गुजराती 'सिंचाणो'शी नातं जोडतात. पण मराठीत च दंत्य होतो, स होत नाही, तेव्हा ते सोडून द्यावं. गंमत ही की बहिरी ससाणा क्वचितच सशाच्या वाटेला जातो, तो उडते पक्षी धरतो. म्हणजे पुरं नाव उलगडलं तर 'समुद्रावरचा ससेखाऊ'. समुद्रावर ससे नसतात याची काळजी भाषेने कधी केली नाही.

बाज राहिला. तो शिक्र्याच्या कुळातला थोरला, हिमालयाकडचा, पंजाबचा राज्यपक्षी. मराठीत तो फार रुळला नाही, कारण बाळंतिणीची बाज आधीच जागा अडवून बसली होती. 'दगाबाज'मधला बाज पक्षी नव्हे, तो खेळणारा. आणि गरुड हा घारीपेक्षा बराच मोठा, रुंद पंखांचा, पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली. सह्याद्रीत तुरेवाला सर्पगरुड उडताना पंखाखालच्या रुंद पांढऱ्या पट्ट्यावरून लगेच कळतो.

लिहिताना: एक बहिरी ससाणा, अनेक बहिरी ससाणे, बहिरी ससाण्याला, बहिरी ससाण्यांनी. 'बहिऱ्या' कुठेही नाही.